म्हातारीचं वय

लखनौमध्ये एखाद्या शिकलेल्या, मोठ्या हुद्द्यावरच्या स्त्रीला 'बाई' म्हणून हाक मारणं म्हणजे तिचा अपमान करणं. मला हे चांगलं ठाऊक होतं, कारण मी लहानाची मोठी इथेच झाले. वडील एअरफोर्समध्ये होते. निवृत्तीनंतर त्यांनी इंदिरा नगरात घर घेतलं आणि आमची साताऱ्याकडची मराठी आईवडिलांपुरती उरली. आम्हा भावंडांना ती समजायची, पण आम्ही उत्तर हिंदीत द्यायचो. त्यामुळे मासळी संशोधन संस्थेत लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी भर कॉरिडॉरमध्ये "बाई, जरा थांबता का?" असं मोठ्यानं म्हणाले, तेव्हा स्टोअर सांभाळणारे तिवारीजी दचकले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बिटिया, इतनी बड़ी साइंटिस्ट हैं. मैडम को बाई क्यों बोल रही हो?"

"उन्होंने ही कहा है," मी म्हटलं.

ते खरंच होतं. मुलाखतीला तिघं जण बसले होते. दोघांनी मला माशांच्या जाती विचारल्या, आकडेमोड विचारली. तिसऱ्या बाई. टेबलाच्या टोकाला, सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी माझा अर्ज वाचला, आडनावावर बोट ठेवलं आणि सरळ मराठीत सुरू केलं.

"मासा कापलायस कधी?"

"कॉलेज में. प्रॅक्टिकल के लिए."

"घरी?"

"मम्मी नॉनव्हेज नहीं बनातीं."

"समुद्र बघितलायस?"

"नहीं."

"मराठी बोलता येतं?"

"समझती हूँ."

"समजतं म्हणजे येतं. मला मॅडम म्हणायचं नाही, बाई म्हणायचं. उत्तर मराठीत द्यायचं, चुकलं तरी चालेल."

बाकीच्या दोघांना वाटलं आमची जुनी ओळख असावी. पुढे बऱ्याच दिवसांनी मी बाईंना विचारलं, की मला का घेतलंत. त्या म्हणाल्या, "इतर उमेदवारांपैकी एकानं गोव्याचं नाव घेतलं, एकानं पुरीचं. तू नुसतं नाही म्हणालीस. ज्याला नाही म्हणता येतं त्याच्याकडून मोजमाप करून घ्यायला हरकत नसते."

आज मी जी मराठी लिहिते आहे ती बरीचशी त्यांची आहे. मी "मासळी आला" म्हटलं की हातातलं काम थांबायचं. "आली," त्या म्हणायच्या आणि मी सबंध वाक्य पुन्हा म्हणेपर्यंत वाट बघायच्या. मायक्रोस्कोप चालू, दिवा तापलेला, आणि मी शाळेतल्या मुलीसारखी "मासळी आली, मासळी आली" म्हणत उभी.

बाई रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदराच्या गावच्या. वडिलांची मासेमारीची बोट होती. कॉलेजात गेलेली त्या घरातली ही पहिली मुलगी. मी लागले तेव्हा त्यांची पन्नाशी उलटून काही वर्षं झाली होती. लग्न केलं नव्हतं. आमच्याच इंदिरा नगरात एका बंगलीच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायच्या. आणि समुद्रापासून इतक्या लांब येऊन त्या मनानं आपल्या किनाऱ्यावरच होत्या. त्यांच्या टेबलासमोरच्या भिंतीवर कोकणातल्या भरती-ओहोटीच्या वेळांचा तक्ता लावलेला असायचा. महिना संपला की नवा तक्ता. मीटिंगमध्ये संचालक बजेटवर बोलत असले की बाई घड्याळाकडे बघून माझ्या कानाशी पुटपुटायच्या, "आत्ता भरती लागली." एकदा संचालकांनी ते ऐकलं. "कहाँ, मैडम?" त्यांनी विचारलं. "हमारे यहाँ, सर," बाई म्हणाल्या. संचालक भला माणूस होता. त्यानंतर कधीकधी तेच मीटिंगच्या सुरुवातीला विचारायचे, "मैडम, पानी चढ़ रहा है कि उतर रहा है?" आणि बाई खरोखरच सांगायच्या.

दीड वाजता त्यांचा डबा उघडायचा. भात, आणि सुकटीची म्हणजे सुक्या कोलंबीची चटणी. लॅब दोन मिनिटांत रिकामी व्हायची. तिवारीजी माशांच्या संस्थेत वीस वर्षं नोकरी करूनही कांदासुद्धा न खाणारे. ते येऊन धडाधड खिडक्या उघडायचे. एक दिवस बाईंनी त्यांना शांतपणे सांगितलं, "तिवारीजी, आपके घर में सुबह अगरबत्ती जलती है न, वैसी हमारे घर में यह खुशबू थी." तिवारीजी खिडकी उघडून निघून गेले. पण त्या दिवसापासून बाईंचं जेवण आटोपेपर्यंत ते खिडकीला हात लावत नसत.

रविवारी सकाळी त्या मच्छी मंडीत जायच्या, पिशवीत लाकडी फूटपट्टी घेऊन. रोहू, कतला, जे समोर असेल त्याला पट्टी लावायची. त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं. माशानं आयुष्यात एकदा तरी अंडी घालावीत आणि मग जाळ्यात यावं. कोणत्या माशाला किती लांबी झाली की अंडी येतात हे त्यांना तोंडपाठ होतं, आणि त्याहून आखूड मासा दिसला की त्या विक्रेत्याशी वाद घालायला तिथेच उभ्या राहायच्या.

"मैडम, छोटी में ही तो स्वाद है," एक म्हातारा विक्रेता त्यांना नेहमी म्हणायचा.

"आज स्वाद ले लिया, तो अगले साल क्या बेचोगे?"

"अगले साल की अगले साल देखेंगे."

मग अर्धा तास. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली, माश्या घोंघावतायत, आणि बाई त्याला मादीच्या पोटात किती अंडी असतात ते समजावतायत. त्या लांबून दिसल्या की लहान मासळीवर गोणपाट पडायचं. मी हे एकदा त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "माहितेय मला. पण झाकतात, म्हणजे चुकतंय हे कळलंय. मी लागल्यापासून तेवढंच झालंय."

स्वतःच्या गावाबद्दलचा अभिमान खरं बोलण्याच्या आड त्यांनी कधी येऊ दिला नाही. मलिहाबादहून कोणीतरी दसहरी आंब्यांची पेटी आणली होती. आम्ही सगळे लॅबमध्ये खात होतो, आणि हापूसच्या गावची माणसं नाक मुरडणार म्हणून सगळे बाईंकडे बघत होते. त्यांनी दोन आंबे खाल्ले, हात धुतले आणि म्हणाल्या, "हमारे वाले से यह अच्छा है." मी घरी हे सांगितलं तेव्हा माझे वडील, जे रत्नागिरीचे नव्हतेच, तेसुद्धा दुखावले.

त्यांच्या खोलीतलं लोखंडी कपाट मात्र कायम कुलूपबंद असायचं. किल्ली चष्म्याच्या दोरीत ओवलेली. त्या कपाटात होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या शेकडो रिकाम्या बाटल्या होत्या आणि प्रत्येकीत माशाच्या कानातले खडे. माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, तांदळाच्या कणीएवढे दोन खडे असतात. मासा वाढतो तसे तेही वाढतात आणि झाडाच्या खोडासारखी त्यांच्यात वर्षांची कडी उमटतात. खडा घासून पातळ केला आणि मायक्रोस्कोपखाली धरला की माशाचं वय मोजता येतं. प्रत्येक बाटलीवर बाईंच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी होती: तारीख, जागा, माशाची जात आणि लांबी, कोणाच्या जाळ्यातला. हे सगळे खडे लखनौला येण्याआधीचे, त्यांच्याकडच्या एका खाडीतले.

त्या खाडीबद्दल संस्थेत सगळ्यांना माहीत होतं. बाईंचं नाव झालं होतं ते तिथल्या अहवालामुळे. खाडीच्या तोंडाशी बोटी बारीक जाळी लावायच्या आणि आत चिखलात उतरून बायका हातजाळ्यांनी मासळी धरायच्या. बाईंनी दोन वर्षं दोघांचीही मासळी मोजली आणि लिहिलं, की दोन्हीकडे मोठ्या माशांची पिल्लंच मारली जातायत. सरकारनं तो अहवाल उचलला आणि बारीक आस, म्हणजे बारीक भोकं असलेली सगळी जाळी त्या खाडीत बंद केली. बोटवाल्यांच्या जाळ्यांबद्दल बाई बरोबरच होत्या. काही वर्षांत खाडीच्या तोंडाशी मोठी मासळी पुन्हा दिसायला लागली. बाहेरून येणाऱ्या अधिकाऱ्यांच्या वर्गात हे उदाहरण दरवर्षी शिकवलं जायचं. बाई स्वतः मात्र तो तास घेत नसत. कोणी दुसऱ्यानं घेतला तर त्या वेळेला त्या ग्रंथालयात जाऊन बसायच्या.

का, ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. आत चिखलात उतरणाऱ्या बायकांत त्यांची सख्खी मावशी होती. बाईंची आई लवकर गेली, तेव्हापासून सुट्ट्या मावशीकडेच. त्या दोन वर्षांच्या कामातही त्या मावशीच्याच घरी राहिल्या होत्या, तिच्याच चुलीवरचं जेवल्या होत्या, आणि सकाळी तिचीच टोपली ओतून घेऊन मासळी मोजत होत्या. जाळी बंद झाल्यावर बाई गावी गेल्या, तेव्हा मावशी एवढंच म्हणाली, "माझ्या घरात जेवलीस आनि माझंच जाळं मोजलंस." त्यानंतर बोलणं बंद. बाईंनी बदलीचा अर्ज केला आणि जिथे समुद्र नाही अशी जागा मागितली. लोकांना वाटत होतं त्यांना शिक्षा म्हणून लखनौला पाठवलंय.

"पण मी खरं तेच लिहिलं होतं," हे सांगताना त्या म्हणाल्या होत्या. "मावशीच्या टोपलीतली आहेत म्हणून ती पिल्लं नव्हेत असं कसं लिहू?"

मी लागल्यानंतर दुसऱ्या वर्षी संस्थेत नवं घासायचं यंत्र आलं. आधीच्या यंत्रावर लहान माशाचा खडा टिकायचा नाही, फुटायचा. म्हणून खाडीच्या कामाच्या वेळी बाईंनी मोठ्या माशांचं वय खड्यावरून काढलं होतं आणि लहानांचं नुसत्या लांबीवरून. आता लहान खडेही घासता येणार होते. बाईंनी कपाट उघडलं आणि संग्रह नीट करण्याचं काम मला दिलं. काही शोधायचं नव्हतं. खडे घासायचे, फोटो काढायचे, चिठ्ठीप्रमाणे लावायचे.

तिसऱ्या दिवशी एका बाटलीतला खडा घासला तेव्हा त्यात चार कडी दिसली. चिठ्ठीवर मासा बोटाएवढा होता. ज्या मोठ्या माशाचं ते पिल्लू असं लिहिलं होतं, तो चार वर्षांत हातभर होतो. मला वाटलं बाटल्यांची अदलाबदल झाली. दुसरी घेतली. तीन कडी. तिसरीत पुन्हा चार. मी दोन दिवस कोणाला काही बोलले नाही. माझंच काहीतरी चुकतंय असं धरून मी सगळं पुन्हा केलं, आणि मग बाईंच्या दारात जाऊन उभी राहिले.

"बाई, पिल्लं म्हातारी निघतायत," मी म्हणाले. मला दुसरे शब्द सुचले नाहीत.

त्या उठून लॅबमध्ये आल्या. मायक्रोस्कोपला डोळा लावला, कडी मोजली, पुन्हा मोजली. मग स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "पुढची दे." त्या दिवशी आम्ही अकरा खडे बघितले. पुढचे दोन आठवडे दुसरं काम झालं नाही. रोज मी घासत होते, त्या मोजत होत्या, आणि मोजून झालं की आकडा मला न सांगता लिहून ठेवत होत्या, म्हणजे मी वेगळं मोजावं. आमचे आकडे जुळत होते. बोटींच्या जाळ्यातली पिल्लं खरंच पिल्लं होती. बायकांच्या टोपल्यांतली बहुतेक मासळी मात्र पूर्ण वाढलेली होती. ती वेगळीच जात होती. बोटाएवढी झाली की तिची वाढ संपायची, आणि दिसायची मात्र त्या मोठ्या माशाच्या पिल्लासारखी, हुबेहूब. त्या बायका अंडी घालून झालेलीच मासळी धरत होत्या. बाईंना आयुष्यभर हवं होतं, तेच त्या करत होत्या.

सगळे खडे मोजून झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी बाई घरून एक जुनी वही घेऊन आल्या. खाडीच्या कामाच्या वेळची. पाण्यानं फुगलेली पानं. एक पान उघडून त्यांनी वही माझ्यासमोर ठेवली. सकाळची वेळ, मावशीच्या टोपलीतली मोजणी, आणि खाली एक ओळ: 'मावशी म्हणते ही म्हातारी. हिला म्हातारीच म्हणतात. ही एवढीच राहते.' त्या ओळीवर आडवी रेघ मारलेली होती.

"मला वाटलं पोटाला सुरकुत्या असतात म्हणून नाव पडलंय," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "मी ऐकलं होतं. लिहिलंही होतं. मग खोडलं."

त्या दिवशी दीड वाजता डबा उघडला नाही. तिवारीजी येऊन दारातून डोकावून गेले.

महिन्याभरानं बाईंची बढतीची मुलाखत होती. उशिरा आलेली, आणि वय बघता शेवटची. तिच्यासाठी पाठवलेल्या कागदांत सगळ्यात वरती तोच अहवाल होता. बाईंनी दोन पानांचं टिपण लिहिलं आणि संचालकांकडे नेलं. सोबत फोटोंची फाइल घेऊन मीही होते. टिपणाचा मथळा होता 'आधीच्या अहवालातील चूक'.

संचालकांनी ते सगळं वाचलं. फोटो बघितले. "बहुत अच्छा काम है," ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. "लेकिन मैडम, इसे गलती क्यों कह रही हैं? नई मशीन आई, नई जानकारी मिली. विज्ञान में ऐसा ही होता है."

"नई जानकारी नहीं है, सर. मुझे उसी वक़्त बताया गया था."

"किसने बताया था?"

"मेरी मौसी ने."

संचालकांनी फाइल मिटली. "दो महीने रुक जाइए," ते म्हणाले. "इंटरव्यू हो जाने दीजिए. फिर भेजते हैं."

"वहाँ जाल बंद हैं, सर," बाई म्हणाल्या. "वे औरतें किस बात के लिए दो महीने रुकें?"

टिपण सरकारकडे गेलं. बढती झाली नाही. कारण कोणी सांगितलं नाही, आणि बाईंनी विचारलं नाही.

इथे मला माझ्याबद्दलही लिहायला हवं. टिपणाखाली आधी दोन नावं होती, त्यांचं आणि माझं. त्या वर्षी माझी नोकरी पुढे चालू ठेवायची की नाही हे ठरायचं होतं. घरी वडील म्हणाले, मोठ्यांच्या भानगडीत तू कशाला पडतेस. मी बाईंकडे गेले आणि माझं नाव नको म्हणाले. का, ते मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. "बरं," म्हणाल्या आणि माझ्यासमोरच माझं नाव काढून टाकलं. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यानंतरही त्यांनी माझ्याशी वागणं तसूभर बदललं नाही. माझी नोकरी टिकली.

मुलाखतीनंतर पंधरा दिवसांनी त्या म्हणाल्या, "मी खाडीवर जातेय. तू येणार असशील तर ये. कडी कशी मोजतात ते दाखवायला कोणीतरी लागेल." मी गेले.

दोन दिवसांच्या प्रवासानंतर आम्ही एसटीतून उतरलो, तेव्हा डाव्या हाताला समुद्र होता. मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मी थांबले. बाई पुढे चालत राहिल्या. "नंतर बघ," त्या म्हणाल्या. "तो कुठे जात नाही. बायका जमल्या असतील."

शाळेच्या व्हरांड्यात वीस-पंचवीस जणी बसल्या होत्या. बाईंनी आधी निरोप पाठवला होता. काही जणी त्यांच्याच वयाच्या, काही तरुण. अगदी मागे, खांबाला टेकून, सत्तरीपुढची एक जण पाय पसरून बसली होती. तिच्याकडे बघायचं टाळून बाई बोलायला लागल्या, तेव्हाच मला कळलं की ती मावशी.

बाईंनी सगळं सांगितलं. खडे, कडी, यंत्र. मी लॅपटॉपवर फोटो दाखवले, बायकांनी पुढे येऊन कडी मोजली. मग बाई म्हणाल्या, "तुम्ही पिल्लं मारता असं मी लिहिलं होतं. ते चुकीचं होतं. तुमची जाळी माझ्यामुळे बंद झाली."

मग पुढची एक जण म्हणाली, "मंग आता परत चालू करनार काय?"

"ते माझ्या हातात नाही. मी लिहून दिलंय. चालू होईपर्यंत लिहीत राहीन."

"माझी सून चिपळूनला कंपनीत जाते," दुसरी म्हणाली. "ती आता चिखलात उतरायची नाय. आमच्यासंगट संपलं ते." ती रागावून नव्हती बोलत. नुसती माहिती द्यावी तसं बोलत होती. आणखी दोघीतिघींनी माना हलवल्या.

तेवढ्यात मागून आवाज आला. "मी तुला सांगितलं व्हतं."

सगळ्या वळल्या. बाईंनी पहिल्यांदा तिकडे बघितलं. "होय," त्या म्हणाल्या.

"मंग लिवलं का नाय?"

"लिहिलं होतं, मावशी. मग खोडलं."

"का?"

मला वाटलं बाई यंत्राचं सांगतील. दोन्ही मासे कसे सारखे दिसतात ते सांगतील. ते खोटं झालं नसतं. आम्ही गाडीत त्याबद्दलच बोललो होतो.

"तू शाळेत गेली नव्हतीस म्हणून," बाई म्हणाल्या.

मावशीनं त्यांच्याकडे बघितलं. मग हात टेकून उठली, पदर सारखा केला आणि व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून निघून गेली. तिला कोणी थांबवलं नाही. हळूहळू बाकीच्याही उठल्या. आम्ही दोघी लॅपटॉपची वायर गुंडाळत बसलो.

आम्ही त्या गावात दोन दिवस होतो. मावशी आली नाही, आणि बाई तिच्या दारात गेल्या नाहीत. "आता बोलायचं की नाही ते तिनं ठरवायचं," एवढंच म्हणाल्या. परतीच्या एसटीत त्यांनी खिडकीची जागा मला दिली आणि समुद्र संपेपर्यंत डोळे मिटून बसल्या.

पुढची अडीच वर्षं त्या दर महिन्याला एक पत्र लिहीत होत्या. मासळी खात्याला, जिल्ह्याला, मंत्रालयाला. स्वतःच्याच अहवालाविरुद्ध. बाहेरच्या अधिकाऱ्यांच्या वर्गात आता तो तास त्या स्वतः घ्यायला लागल्या. आधी जुना अहवाल सांगायच्या, मग नवा, आणि मग ती खोडलेली ओळ मोठी करून पडद्यावर दाखवायच्या. काही अधिकारी हसायचे. काही जण चहाच्या सुट्टीत येऊन हळूच आपापल्या अशाच गोष्टी सांगायचे.

शेवटी नियम बदलला. बोटींची बारीक जाळी बंदच राहिली, हातजाळ्यांना सूट मिळाली. पत्र आलं त्या दिवशी बाईंनी ते दोनदा वाचलं आणि फाइलला लावलं. त्यानंतर पाच महिन्यांनी त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी तिवारीजींनी घरून डबा आणला होता. पुरी आणि बटाट्याची भाजी, कांद्याशिवाय. बाईंनी ती त्यांच्या शेजारी बसून खाल्ली. खड्यांचं कपाट संस्थेकडे राहिलं, आणि किल्ली माझ्याकडे आली.

बाई गावाकडे गेल्या हे मला माहीत होतं. बंदरावरच्या आपल्या घरी असतील असं मी धरून चालले होते. फोन करीन करीन म्हणत दीड वर्ष गेलं. टिपणावरून काढून घेतलेल्या नावाचं ओझं होतं, म्हणून मी लांबवत राहिले. मग या वर्षी त्यांचा तो तास माझ्याकडे आला. तयारी करताना लक्षात आलं, की म्हातारी अंडी केव्हा घालते हेच आमच्याकडे कुठे लिहिलेलं नाही. दुसरं कोणाला विचारणार. एका सकाळी मी बाईंचा नंबर लावला.

फोन बाईंनी उचलला नाही. एक जाड, वयस्कर आवाज आला. "कोन?"

मी नाव सांगितलं. लखनौहून बोलतेय म्हटलं.

"ती लॅपटॉपवाली काय? ती नाय हितं. खाडीत उतरलीय तीन बायकांसंगट. धड जमत नाय तिला. रोज उतरते, रोज हात कापून घेते."

तो मावशीचा आवाज आहे हे तेव्हा मला कळलं. मी गडबडले. बाईंना एका माशाबद्दल विचारायचं होतं, नंतर करते, असं काहीतरी म्हणाले.

"कंच्या माशाचं?"

"म्हातारीचं."

"मंग तिला काय इचारतेस?" मावशी म्हणाली. "मला इचार."

मी कागद ओढला आणि विचारलं, की ती अंडी केव्हा घालते.

"सांगते. तू ती खाल्लीस काय कदी?"

"नाही," मी म्हणाले.

पलीकडे भांडं सरकवल्याचा आवाज आला.

"मंग आदी ये," मावशी म्हणाली. "खा. मंग लिवून घे."